जुना कॉम्प्युटर, जुनी विंडोज: नाशिककरांकडून वारंवार येणारे प्रश्न

माळ्यावरून उतरवलेले पीसी, प्रेसमध्ये अजून टिकून असलेली विंडोज ९८, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतलं डॉस (विंडोजच्या आधीची, टाइप केलेल्या आज्ञांवर चालणारी सिस्टिम). यांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. तेच तेच लिहावं लागू नये म्हणून प्रश्नांना क्रमांक दिलेत. घाई असेल तर दुसरा आणि चौथा प्रश्न तेवढे वाचा आणि मगच मशीनला हात लावा.

१. घरी जुना पेंटियम पडून आहे. विंडोज ९८ टाकू की एक्सपी?

हे मशीनच्या वयावर ठरतं. साधा पेंटियम, एमएमएक्स किंवा पेंटियम टू आणि ६४ ते १२८ एमबी रॅम असेल तर विंडोज ९८. पेंटियम फोर आणि ५१२ एमबी असेल तर एक्सपी. मधला पेंटियम थ्री दोन्ही पेलतो, तिथे काम काय आहे ते बघा. डॉसचे गेम, डॉसचे हिशेबाचे प्रोग्राम किंवा आयएसए कार्ड (जुन्या बोर्डांच्या लांब खाचेत बसणारं) असेल तर ९८. पेन ड्राइव्ह, नेटवर्क आणि युनिकोड मराठी (मोबाइल-इंटरनेटवर वापरतात तसं) हवं असेल तर एक्सपी. एक्सपीची अधिकृत किमान अट ६४ एमबीची होती, पण तेवढ्यात ती चालवणं म्हणजे नुसतं घड्याळाकडे बघत बसणं.

९८ घेणार असाल तर १९९९ ची सेकंड एडिशनच घ्या. जून १९९८ ची पहिली आवृत्ती यूएसबीच्या बाबतीत कच्ची आहे. विंडोज एमईच्या वाटेला जाऊ नका. तिने शुद्ध डॉसमध्ये जायचा रस्ता लपवला आणि बदल्यात फारसं काही दिलं नाही. विंडोज २००० कोणी विचारत नाही, पण पेंटियम थ्रीवर ऑफिसचं काम करायचं असेल तर माझी पसंती तिलाच.

२. दहा-पंधरा वर्षं माळ्यावर होता. प्लग लावून बघू का?

नाही. आधी साइडचं कव्हर उघडा.

पहिलं काम बॅटरी शोधणं. बोर्डावर नाण्यासारखा सीआर २०३२ सेल असेल तर चिंता नाही, तो काढा आणि नवा घाला. पण ३८६, ४८६ च्या काळातल्या बोर्डांवर निळ्या किंवा हिरव्या वेष्टनातली, नळकांड्याच्या आकाराची निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असते. ती हमखास गळते. बॅटरीभोवती हिरवट-पांढरी बुरशी धरल्यासारखं दिसलं तर तो गळलेला अल्कली आहे आणि तो तांब्याचे ट्रॅक खात सुटतो. बॅटरी कापून काढा. त्या भागावर कापसाच्या काडीने पांढरं व्हिनेगर लावा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि दोन दिवस वाळू द्या. कीबोर्डचं सॉकेट बहुतेक बोर्डांवर तिथेच जवळ असतं. 'कीबोर्ड एरर' ही तक्रार अनेकदा यातूनच येते.

दुसरं, कपॅसिटर. साधारण १९९९ ते २००७ दरम्यानच्या खूप बोर्डांवर सदोष इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर बसले होते. प्रोसेसरच्या आजूबाजूला उभे असलेले डबे बघा. माथा सपाट हवा. फुगलेला किंवा वरच्या खाचेतून तपकिरी काही बाहेर आलेलं दिसलं तर आधी ते बदलून घ्या. टीव्ही दुरुस्त करणारा कोणीही चांगला कारागीर हे काम करतो. व्होल्टेज तेवढंच किंवा थोडं जास्त, मायक्रोफॅरड तेवढेच आणि 'लो ईएसआर' जातीचे, एवढं त्याला सांगा.

तिसरं, पॉवर सप्लाय. मागे लाल रंगाचा छोटा सरकता स्विच असतो, तो २३० वरच असला पाहिजे. ११५ वर असताना आपल्याकडचा प्लग लावला तर मोठा आवाज होतो आणि विषय संपतो. सप्लायचा डबा स्वतः उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी साठलेला असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहतो.

हे सगळं झालं की हार्ड डिस्कची पॉवर केबल काढून ठेवा आणि इलेक्ट्रिशियनकडच्या सिरीज बोर्डवर, शंभर वॉटच्या पिवळ्या बल्बमधून पहिल्यांदा करंट द्या. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. पूर्ण प्रकाशात जळत राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. मल्टिमीटरवर पिवळ्या तारेला १२ आणि लाल तारेला ५ व्होल्ट, पाच टक्के इकडे-तिकडे, मिळाले की मगच डिस्क जोडा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदेला पूर आला तेव्हा सराफ बाजार, भांडी बाजारात दुकानांत पाणी शिरलं. त्यात भिजलेले पीसी अजूनही अधूनमधून समोर येतात. अशा मशीनची डिस्क 'सुकली आहे, बघू चालते का' म्हणून अजिबात फिरवू नका. डिस्कला श्वास घ्यायला बारीक छिद्र असतं आणि पुराचं पाणी गाळासकट त्यातून आत जातं. आतला डेटा हवा असेल तर ते काम डेटा रिकव्हरीवाल्याचं.

३. रोज सकाळी तारीख मागे जाते आणि 'सीमॉस चेकसम एरर' येतो. व्हायरस आहे का?

नाही, सेल संपलाय. सीआर २०३२, तीन व्होल्ट, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळेल. सेल बदलल्यावर बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन तारीख, वेळ आणि हार्ड डिस्कचा प्रकार पुन्हा भरावा लागतो. काही बोर्डांवर सेल दिसतच नाही, 'डॅलस' असं लिहिलेली काळी, जाड चिप दिसते. सेल त्या चिपच्या पोटात असतो, तिथे चिपच बदलावी लागते.

४. डिस्क चालू होते पण टक् टक् करते. आधी विंडोज दुरुस्त करू की फाइल काढू?

फाइलही नका काढू, आधी अख्ख्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे एकाच फाइलमधली हुबेहूब प्रत, काढा. लोक स्कॅनडिस्क चालवतात, डीफ्रॅग करतात, मग फोल्डर एकेक करून कॉपी करायला बसतात. यातल्या प्रत्येक फेरीत मरायला टेकलेली डिस्क आणखी झिजते.

डिस्क काढून आयडीई-टू-यूएसबी केबलने (आयडीई म्हणजे जुन्या डिस्कची रुंद पट्टीची जोडणी) नव्या कॉम्प्युटरला जोडा. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करा आणि त्यातल्या डीडीरेस्क्यू या मोफत साधनाने प्रतिमा घ्या. ते आधी सहज वाचता येणारे भाग उचलतं आणि अडणाऱ्या जागी नंतर परत येतं. मध्येच बंद पडलं तर नोंदवहीच्या फाइलवरून तिथूनच पुढे जातं. डेस्टिनेशन म्हणून चुकून जुनीच डिस्क निवडली जाणार नाही याकडे दोनदा लक्ष द्या. ४ किंवा ८ जीबीची डिस्क असते, त्यामुळे प्रतिमा आजच्या कुठल्याही पेन ड्राइव्हवर मावते. ही प्रतिमा हातात असेल तर पुढचं सगळं (प्रश्न ५, १२, १३) निवांत करता येतं.

माझं स्पष्ट मत असं की जुन्या मशीनमध्ये किंमत असते ती याच गोष्टीची. बोर्ड दुसरा मिळेल, विंडोज पुन्हा टाकता येईल, डिस्कवरचं दुसरीकडे कुठेच नाही.

५. जुनी आयडीई डिस्क बाजारात मिळत नाही. तिच्या जागी काय लावू?

कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड आणि सीएफ-टू-आयडीई पट्टी. आवाज नाही, उष्णता नाही, आणि कार्ड काढून नव्या कॉम्प्युटरवर त्याची प्रत घेता येते. डॉस आणि ९८ ला हे फार मानवतं. एक्सपीचं तसं नाही. बरीच साधी कार्डं स्वतःला 'रिमूव्हेबल' म्हणवतात आणि एक्सपीला ते रुचत नाही. तिथे 'फिक्स्ड डिस्क' म्हणून ओळख देणारं इंडस्ट्रियल कार्ड घ्या, नाहीतर साटा (आयडीईनंतर आलेली बारीक केबलची जोडणी) एसएसडी आणि साटा-टू-आयडीई कन्व्हर्टर वापरा.

मोठं कार्ड घ्यायचा मोह आवरा. बायोसच्या मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढत गेल्या: ४८६ च्या काळात ५०४ एमबी, नंतर ८.४ जीबी, नंतर ३२ जीबी, मग १३७ जीबी. बोर्डाला न पेलणारी डिस्क लावली तर कधी ती छोटी दिसते, तर कधी डिस्क ओळखतानाच मशीन गोठतं. ९८ साठी १६ जीबी भरपूर आहे.

दोन उपकरणं एकाच केबलवर असतील तर जंपर बघा, एक मास्टर आणि एक स्लेव्ह. ८० तारांच्या पट्टीवर निळं टोक बोर्डाला, काळं मास्टरला, करडं स्लेव्हला.

६. विंडोज ९८ ची सीडी घातली तरी मशीन तिच्यावरून सुरूच होत नाही.

दुकानात विकली जाणारी बरीचशी सीडी बूट होणारी नव्हतीच, सोबत फ्लॉपी यायची. स्टार्टअप फ्लॉपीने सुरू करा आणि मेनूमधून सीडीरॉमच्या सपोर्टसह हा पर्याय निवडा. एफडिस्कमध्ये (डिस्कचे भाग पाडणारा प्रोग्राम) 'लार्ज डिस्क सपोर्ट' विचारेल, त्याला होकार द्या म्हणजे फॅट ३२ मिळेल. ६४ जीबीपेक्षा मोठ्या डिस्कचा आकार मूळ एफडिस्क चुकीचा दाखवतो, हे एक कारण झालं छोटी डिस्क लावण्याचं. मग फॉरमॅट.

आता सीडीवरून थेट सेटअप चालवण्याऐवजी सीडीवरचं 'विन ९८' हे फोल्डर सी ड्राइव्हवर कॉपी करा आणि तिथून सेटअप चालवा. वेळ वाचतो, आणि पुढे प्रत्येक ड्रायव्हरच्या वेळी 'सीडी घाला' ही कटकट राहत नाही. ड्रायव्हर टाकताना आधी चिपसेटचा, नंतर डिस्प्लेचा, शेवटी साउंडचा. उलट क्रमाने टाकले तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी उद्गारचिन्हं मोजत बसावं लागतं.

७. दोन जीबी रॅम घातली तर विंडोज ९८ 'पुरेशी मेमरी नाही' म्हणतं. थट्टा करतंय का?

थट्टा वाटावी असाच प्रकार आहे खरा. ९८ ची डिस्क कॅश रॅमच्या प्रमाणात स्वतःसाठी पत्त्यांची जागा राखून ठेवते. रॅम ५१२ एमबीच्या वर गेली की ही जागा एवढी होते की बाकीच्यांना पत्तेच उरत नाहीत, आणि संदेश येतो मेमरी कमी असल्याचा. विंडोज फोल्डरमधल्या सिस्टिम डॉट आयएनआय या फाइलमध्ये व्हीकॅश विभागात मॅक्स-फाइल-कॅश ही ओळ टाकून कॅशला ५१२ एमबीच्या आत बांधता येतं. एक जीबीच्या पुढे तेवढ्यानेही नेहमी भागत नाही. सरळ उपाय म्हणजे जास्तीची पट्टी काढून ठेवा. ९८ वर २५६ एमबीच्या पुढे तसाही काही उपयोग होत नाही.

८. एक्सपीचं सेटअप म्हणतं हार्ड डिस्कच नाही, पण बायोसमध्ये ती दिसते.

डिस्क साटा असणार आणि बायोसमध्ये एएचसीआय मोड असणार. एक्सपीच्या सीडीत त्याचा ड्रायव्हर नाही. बायोसमध्ये साटा मोड 'आयडीई' किंवा 'कम्पॅटिबल' करा, डिस्क दिसेल. हा पर्यायच नसेल तर सेटअपच्या सुरुवातीला एफ ६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यावा लागतो. एक्सपी चालू झाल्यावर कोणीतरी हुशारी करून मोड परत बदलतो आणि ७बी ने संपणारा आकडा घेऊन निळा स्क्रीन येतो. मोड पूर्ववत केला की जातो.

९. विंडोज ९८ मध्ये पेन ड्राइव्ह लावला तर ड्रायव्हर मागतं.

सेकंड एडिशनला यूएसबी कळतं, पण सगळ्या पेन ड्राइव्हना चालेल असा सामायिक ड्रायव्हर त्यात नाही. त्या काळात प्रत्येक कंपनी आपली सीडी द्यायची. नंतर हौशी लोकांनी 'एनयूएसबी' नावाचं पॅकेज जुळवलं, ते टाकलं की बहुतेक ड्राइव्ह चालतात. पेन ड्राइव्ह फॅट ३२ मध्येच फॉरमॅट केलेला हवा, एक्सफॅट आणि एनटीएफएस ९८ ला वाचता येत नाही. पॅकेज मशीनमध्ये न्यायचं कसं, हा पुढचा प्रश्न: सीडीवर लिहून.

१०. यावर इंटरनेट चालेल का? निदान मेल बघता येईल?

साइट उघडत नाहीत त्याचं कारण वेग नाही. आजच्या साइट टीएलएस १.२ किंवा त्यापुढचं एन्क्रिप्शन मागतात, आणि इंटरनेट एक्सप्लोरर ६ चं त्याच्याशी जमत नाही. एक्सपीसाठी मायपाल, ९८ साठी रेट्रोझिला असे जुन्या मशीनसाठी सांभाळलेले ब्राउझर आहेत, त्यांत बरंच काही उघडतं. तारीख चुकीची असेल तर तेही सर्टिफिकेटवर अडतात (प्रश्न ३).

पण माझा सल्ला, लावूच नका. ९८ चे सुरक्षा अपडेट जुलै २००६ मध्ये थांबले, एक्सपीचे एप्रिल २०१४ मध्ये. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय पसरलं तेव्हा मायक्रोसॉफ्टला एक्सपीसाठी अपवाद म्हणून पॅच काढावा लागला होता. बँकेचं पान, जीएसटी, यूपीआय यांपैकी काहीही या मशीनवर उघडू नका.

नव्या लॅपटॉपवरून फाइल द्यायच्या असतील तर विंडोज १० मध्ये जुनं एसएमबी १ शेअरिंग चालू करा असं कोणी सुचवेल. ते दार ऑफिसच्या सगळ्या नेटवर्कसाठी उघडतं. त्यापेक्षा पेन ड्राइव्ह बरा, किंवा मध्ये एक साधा एफटीपी सर्व्हर.

११. खरं मशीन कशाला? आजच्या लॅपटॉपवर विंडोज ९८ चालवता येत नाही का?

येतं, आणि बहुतेकांना तेच पुरेसं आहे. डॉसच्या प्रोग्रामसाठी डॉसबॉक्स-एक्स. ९८ साठी ८६बॉक्स. त्यात त्या काळचा ठरावीक बोर्ड, ठरावीक साउंड कार्ड, ठरावीक डिस्प्ले कार्ड निवडता येतं आणि मूळ ड्रायव्हर चालतात. त्याला लॅपटॉपचा प्रोसेसर तगडा लागतो. व्हर्च्युअल बॉक्स एक्सपीसाठी उत्तम, ९८ साठी नाही. प्रश्न ४ मधली प्रतिमा थोड्या खटपटीने यात चालवता येते, म्हणजे आजोबांचा पीसी वॉलपेपरसकट लॅपटॉपवर उघडतो.

खरं मशीन लागतं ते तीन ठिकाणी: पॅरलल पोर्टवर, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या पोर्टवर, बसणारं सॉफ्टवेअरचं लॉक (प्रश्न १२), आयएसए कार्ड किंवा सीरियल पोर्टवरचं यंत्र (प्रश्न १४), आणि खऱ्या मशीनची हौस. तिसरं कारण पहिल्या दोन्हींइतकंच चांगलं आहे.

१२. आमची प्रेस आहे. २००३ च्या सिंहस्थातल्या स्मरणिकेच्या पेजमेकर फाइल आता पुन्हा वापरायच्या आहेत. नव्या कॉम्प्युटरवर मराठीच्या जागी भलतीच इंग्रजी अक्षरं येतात.

पुढचा सिंहस्थ जवळ आला तसा हा प्रश्न वाढलाय. लग्नपत्रिकावाल्यांकडूनही येतो.

फाइल बिघडलेली नाही. त्या काळच्या श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे सुरेखसारखे फॉन्ट, शिवाजी, किरण, हे सगळे युनिकोडआधीचे. त्यात 'क' अशी नोंद नसते, इंग्रजी अक्षराच्या जागी 'क' चं चित्र बसवलेलं असतं. फॉन्ट नसला की चित्र जातं आणि खालचं इंग्रजी उघडं पडतं. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, त्यामुळे श्रीलिपीच्या मजकुराला शिवाजी लावला तरी कचराच दिसतो. म्हणून जुन्या मशीनवर आधी फॉन्ट फोल्डर उघडा आणि फॉन्टचं नेमकं नाव क्रमांकासह लिहून घ्या. श्री-देव-०७०८ सारख्या नावातला तो आकडा महत्त्वाचा असतो. फॉन्टची फाइल पेजमेकरच्या फाइलसोबत एकाच फोल्डरमध्ये जपून ठेवा.

आता काय हवंय त्यावर रस्ता ठरतो. पान जसंच्या तसं छापायचंय? मग जुन्याच मशीनवर फॉन्ट एम्बेड करून पीडीएफ काढा, विषय मिटला. पानात फेरफार करायचेत? इनडिझाइनच्या सीएस ६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकर ६ आणि पुढच्या फाइल उघडायच्या, त्यानंतरच्या नाही. मजकूर नव्याने वापरायचाय, मोबाइलवर पाठवायचाय? मग युनिकोडमध्ये रूपांतर. त्या-त्या फॉन्टसाठीचा कन्व्हर्टर निवडून मजकूर त्यातून काढायचा.

रूपांतरानंतर मुद्रितशोधन टाळू नका. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, कारण ती दिसते आधी. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. रफारही तसाच जागा बदलतो. 'निमंत्रण', 'आशीर्वाद', 'कार्यक्रम', 'स्वर्गीय' हे शब्द शोधून बघा, कन्व्हर्टर फसला असेल तर इथेच दिसतो. 'तुमच्या-आमच्या' ठीक आलं पण 'दुसऱ्या', 'वऱ्हाड' मोडले, हेही नेहमीचं. आणि 'चि. सौ. कां.' मधले टिंब आणि अनुस्वार नजरेखालून घाला. पत्रिका वाटून झाल्यावर ही चूक सापडलेली कोणालाच नको असते.

राहिला लॉकचा प्रश्न. तेव्हाच्या मराठी सॉफ्टवेअरला प्रिंटरच्या पोर्टवर बसणारं कुलूप असायचं. ते बोर्डावरच्याच पॅरलल पोर्टला लावा. यूएसबी-टू-पॅरलल केबल फक्त प्रिंटरसाठी असते, तिच्यावर कुलूप ओळखलं जात नाही. नंतर घातलेल्या पीसीआय कार्डचाही पत्ता वेगळा पडतो, म्हणून जुनं सॉफ्टवेअर तिकडे बघतच नाही. बोर्डावरच्या पोर्टवरही सापडत नसेल तर बायोसमध्ये पोर्टचा मोड ईसीपीवरून साध्या एसपीपीवर आणा.

एक्सपीत नवं युनिकोड मराठी हवं असेल तर कंट्रोल पॅनेलमधल्या भाषांच्या खिडकीत 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' च्या चौकोनात टिक करा. सीडी मागेल. मग मंगल फॉन्ट आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो.

१३. आमच्या पतसंस्थेचा जुना हिशेब फॉक्सप्रोमध्ये आहे. सभासदांची जुनी खाती बघायची आहेत.

प्रोग्राम चालवायची गरजच नाही, बघायचा आहे डेटा. फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइल लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये थेट उघडतात. मूळ फाइलवर काम करू नका, प्रत घ्या. एफपीटी एक्स्टेन्शनच्या फाइल सोबत उचला, मेमो म्हणजे लांबलचक शेरे त्यात असतात.

पावती-पुस्तकाच्याच रूपात बघायचं असेल तर प्रोग्राम डॉसबॉक्स-एक्समध्ये चालवा. ६४ बिट विंडोजवर १६ बिटचे प्रोग्राम चालत नाहीत, कितीही 'कम्पॅटिबिलिटी मोड' लावला तरी. विंडोज १० च्या ३२ बिट आवृत्तीत चालतात. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही.

अवघड अपवाद: जिस्ट कार्ड लावून डॉसमध्ये मराठीत भरलेली नावं. ती इस्कीमध्ये असतात, म्हणजे १९९१ च्या भारतीय मानकातल्या संकेतांत. ती प्रश्न १२ मधल्या फॉन्टसारखी नाहीत आणि तिथले कन्व्हर्टर इथे चालणार नाहीत. मात्र इस्की हे नीट लिहून ठेवलेलं मानक आहे, अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवतं, त्यामुळे रूपांतर बरंच स्वच्छ होतं. आयसीयू या मोफत लायब्ररीत ते आहे, जरा प्रोग्रामिंग येणाऱ्या कोणालाही दाखवा.

१४. अंबडला आमचं वर्कशॉप आहे. सीएनसीला (प्रोग्रामवर धातू कापणाऱ्या यंत्राला) प्रोग्राम पाठवणारा डॉसचा पीसी मरायला टेकलाय.

मरायच्या आत त्याची जोडी तयार करा. प्रश्न ४ प्रमाणे प्रतिमा, ती सीएफ कार्डवर, कार्ड तशाच दुसऱ्या पीसीत. पाठवणारं सॉफ्टवेअर चालतंय तोवर हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. बंद पडल्यावर तेच काम थांबलेल्या यंत्रासमोर करावं लागतं.

यूएसबी-टू-सीरियल केबलने भागेल का? छोट्या प्रोग्रामला भागतं. मोठा प्रोग्राम यंत्र जसजसं कापतं तसतसा पाठवायचा असेल तर घोटाळा होतो. यंत्राने 'थांब' सांगितल्यावरही केबलच्या बफरमधली अक्षरं येत राहतात, काही गळतात, आणि यंत्र अलार्म देऊन थांबतं. खरा सीरियल पोर्ट असलेला बोर्ड किंवा कार्ड हाच उपाय. बॉड रेट, पॅरिटी, स्टॉप बिट यंत्राच्या मॅन्युअलमध्ये आहेत तेच ठेवा.

केबल लावताना-काढताना पीसी आणि यंत्र दोन्ही बंद. शेडमध्ये दोघांच्या अर्थिंगमध्ये फरक असतो आणि पोर्टची चिप त्यात जाते. अर्थिंग सुधारा किंवा ऑप्टिकल आयसोलेटर लावा.

एक उलटी गोष्ट. पीसीचा सेल मशीन बंद करून बदलतात. सीएनसीच्या बऱ्याच कंट्रोलमध्ये बॅटरी कंट्रोल चालू ठेवून बदलायची असते, नाहीतर सगळे पॅरामीटर पुसले जातात. मॅन्युअल उघडल्याशिवाय हात लावू नका.

१५. फ्लॉप्या वाचल्या जात नाहीत. ड्राइव्ह खराब की फ्लॉपी?

फ्लॉपीचं पत्र्याचं दार सरकवून चकती उजेडात फिरवून बघा. पांढरे-करडे ठिपके म्हणजे बुरशी. आपल्याकडच्या तीन-चार पावसाळ्यांत बंद कपाटातल्या फ्लॉपीला एवढं होतंच. तशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली तर हेड घाण होतं आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीलाही ओरखडे पाडतं. आधी चकती अल्कोहोलने हलक्या हाताने पुसा, हेडही पुसा.

ड्राइव्हचा दिवा सतत जळत असेल तर केबल उलटी लागलीय. ३.५ इंची १.४४ एमबीच्या फ्लॉपीसाठी यूएसबी ड्राइव्ह चालतो. ५.२५ इंचीसाठी जुनं मशीन बरं. यंत्राला फ्लॉपी ड्राइव्हच हवा असेल तर त्या जागी गोटेक बसवा, पेन ड्राइव्हवरच्या प्रतिमा तो फ्लॉपी म्हणून पुढे करतो.

१६. सुटे भाग नाशिकमध्ये कुठे मिळतील?

रॅम, सेल, केबल, जुने एलसीडी मॉनिटर एमजी रोडच्या आसपासच्या दुरुस्तीच्या दुकानांत विचारून मिळतात. काउंटरवर नाही, मागच्या खोलीत. बोर्ड आणि कार्डांसाठी पूर्वी अंबड लिंक रोडचा भंगार बाजार होता. महापालिकेने २०१७ मध्ये तो हटवण्याची मोठी मोहीम राबवली. आता एकेका भंगारवाल्याशी ओळख ठेवणं आलं. तरीही नाही मिळालं तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड.

नवा एटीएक्स सप्लाय जुन्या बोर्डाला लावताना त्याच्या पट्टीवर ५ व्होल्टसमोरचे अँपियर वाचा. पेंटियम थ्री आणि अॅथलॉनच्या काळातले बरेच बोर्ड प्रोसेसरला ५ व्होल्टवरून वीज देत. आजचे सप्लाय सगळा जोर १२ व्होल्टवर लावतात. एजीपी (जुन्या डिस्प्ले) कार्डाची खाच जुळत नसेल तर जबरदस्ती करू नका, ३.३ आणि १.५ व्होल्टची कार्डं एकमेकांच्या जागी बसू नयेत म्हणूनच ती खाच आहे.

१७. विंडोजची सीडी नाही. नेटवरून उतरवली तर चालेल का?

कंपनीने विकायचं बंद केलं म्हणून कॉपीराइट संपत नाही. कॅबिनेटवर चिकटवलेलं लायसन्सचं लेबल बघा, ते त्याच मशीनसाठीचं असतं. लेबल शाबूत असेल तर फोटो काढून ठेवा, पावसाळ्यात शाई उडते. फक्त डॉसचे प्रोग्राम चालवायचे असतील तर फ्रीडॉस वापरा. ते १९९४ पासून चालू असलेलं मोफत, कायदेशीर डॉस आहे आणि अजून सुधारलं जातंय.

१८. सीआरटी मॉनिटरमध्ये चित्र तिरकं येतं. उघडून बघू?

नाही. ट्यूबवर हजारो व्होल्ट साठून राहतात. टीव्हीवाल्याकडे न्या किंवा व्हीजीएचा जुना एलसीडी लावा.

१९. दुकानातलं विंडोज ९८ चं मशीन कधीच बंद करत नाही. दीड-पावणेदोन महिन्यांनी आपोआप गोठतं.

विंडोज ९५ आणि पहिल्या ९८ मध्ये सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद ३२ बिटच्या आकड्यात मोजले जातात. तो आकडा ४९.७ दिवसांनी भरतो आणि मशीन अडकतं. मायक्रोसॉफ्टने त्यावर पॅच काढला होता. रविवारी दुकान बंद करताना मशीनही बंद करा, पॅचची गरज उरणार नाही. त्याहून आधीच गोठत असेल तर कारण हे नाही, प्रोसेसरचा पंखा आणि प्रश्न २ मधले कपॅसिटर बघा.

२०. शाळेच्या निकालाचा जुना डॉस प्रोग्राम ४८६ वर चालायचा. पेंटियम थ्रीवर सुरू होताच 'रनटाइम एरर २००' देऊन बंद होतो. फाइल करप्ट आहे का?

नाही, मशीन जास्त वेगवान आहे. प्रोग्राम टर्बो पास्कलमध्ये लिहिलेला असणार. त्याचा सीआरटी हा भाग सुरुवातीलाच मशीनचा वेग मोजतो आणि त्यावरून एक भागाकार करतो. सुमारे २०० मेगाहर्ट्झच्या पुढच्या प्रोसेसरवर उत्तर ठरलेल्या जागेत मावत नाही, आणि शून्याने भागल्याचा आरोप होतो.

तीन मार्ग आहेत. डॉसबॉक्समध्ये सायकल्स कमी करून चालवा, बहुतेकांचं इथेच भागतं. खऱ्याच मशीनवर हवं असेल तर बायोसमध्ये प्रोसेसरची अंतर्गत कॅश तात्पुरती बंद करा, पेंटियम थ्री गुडघ्यावर येतो आणि प्रोग्राम सुरू होतो. कायमचा इलाज म्हणजे याच चुकीसाठी लिहिलेला टीपी-पॅच. तो ईएक्सई फाइलमध्येच बदल करतो, म्हणून मूळ फाइलची प्रत आधी बाजूला काढा. प्रोग्राम स्वतःची फाइल तपासून बघणारा असेल तर पॅचनंतर तो चालायला नकार देतो, तिथे पुन्हा डॉसबॉक्सच.